वीस काठ्यांची पिशवी

वीस झाडांचं लाकूड एका पिशवीत जमवायचं म्हणजे जवळजवळ वर्ष खातं. ओक, अ‍ॅश, बर्च, विलो यांना तोटा नाही. हेझल तर शेतांच्या बांधाबांधावर आहे. पण यू उभा असतो तो चर्चच्या कबरस्तानात, नाहीतर जुन्या जमीनदारी वाड्यांच्या आवारात. तिथं करवत घेऊन शिरायची सोय नाही. अ‍ॅस्पेन हुडकावा लागतो. हेदर हे मुळात झाडच नव्हे, डोंगरावरचं गुडघाभर झुडूप. त्याची बोटाच्या जाडीची काडी मिळाली तर दिवस सत्कारणी लागला म्हणायचा. शिवाय यादीत द्राक्षाचा वेल आहे, आणि तो आयर्लंडच्या रानात उगवत नाही. त्याच्या जागी आम्ही ब्लॅकबेरीच्या जाळीतला जून दांडा घालायचो. त्यात कायदा: १ मार्च ते ३१ ऑगस्ट, पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत, बांधावरच्या झाडाझुडपांना कोयता लावायचा नाही. म्हणजे लाकूड गोळा करायचं ते भर थंडीपावसात, साडेचारला अंधार पडतो त्या महिन्यांत, चिखलात बूट रुतवत.

हे काम मी केलं ते केरीत, आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला. बायको नर्स, तिला तिथल्या एका इस्पितळात नोकरी लागली आणि मी तिच्यामागून गेलो. मी मूळचा सावंतवाडीचा. चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांचा धंदा आमच्या घरात नव्हता, पण लहानपण गेलं त्याच रंध्याच्या आवाजात. पुढं आयटीआयला सुतारकाम शिकलो, मुंबईत फर्निचरच्या कामांवर राहिलो. केरीत एका वयस्क कातार्‍याला हाताखाली माणूस हवा होता. लेथवर वाडगी आणि पेले, उन्हाळ्यात पर्यटकांसाठी ब्लॅकथॉर्नच्या काठ्या, आणि या सगळ्यापेक्षा जास्त खपणारी वस्तू म्हणजे ऑगमच्या वीस काठ्यांची पिशवी. मी त्यांना मिस्त्री म्हणायचो. अर्थ सांगितल्यावर त्यांना तो शब्द इतका आवडला, की ते फोनवर स्वतःची ओळख तशीच करून द्यायला लागले.

ऑगम ही लिपी. आयरिश माणूस तिचा उच्चार ‘ओअम’च्या आसपास करतो, त्यामुळे आपल्या मंडळींना लगेच ॐ आठवतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर संशोधन सुरू होतं, तसा काही संबंध नाही. मुख्यतः चौथ्या ते सहाव्या शतकातले सुमारे चारशे कोरीव दगड आज शिल्लक आहेत. बहुतेक दक्षिण आयर्लंडमध्ये, त्यातही केरीत सर्वांत जास्त. थोडे वेल्समध्ये, आइल ऑफ मॅनवर, स्कॉटलंडात. दगडाची उभी कड हीच या लिपीची शिरोरेघ. कडेच्या उजवीकडे एक खाच म्हणजे ब, दोन म्हणजे ल, तीन फ, चार स, पाच न. डावीकडे एक ते पाच म्हणजे ह, द, त, क आणि क-सारखंच आणखी एक अक्षर. तिसर्‍या पाचांच्या खाचा कड ओलांडून तिरप्या जातात, आणि स्वर म्हणजे कडेवरच्याच बारीक खुणा. वाचायचं खालून वर. झाडावर चढतात तसं ऑगमवर चढायचं, असं मध्ययुगातल्या आयरिश पंडितांनीच लिहून ठेवलंय. अक्षरांना नावं आहेत: बेह म्हणजे बर्च, फर्न म्हणजे आल्डर, साल म्हणजे विलो, दार म्हणजे ओक, कोल म्हणजे हेझल. वीस अक्षरं, वीस झाडं, वीस काठ्या, असा सगळा मामला.

काठी करायला सोपी वाटते. सोपी नसते. ओली फांदी आणली की आधी तिची दोन्ही तोंडं मेणात बुडवायची, नाहीतर ती टोकाकडून तडकते. मग शेडमध्ये फळीवर, हवा लागेल अशी पसरायची आणि विसरून जायची. वाळली की बोटभर तुकडे, एका बाजूला चपटा माथा, दुसरीकडे साल तशीच ठेवायची. खाचा कोरायच्या नाहीत, तापल्या तारेच्या लेखणीनं डागायच्या. डाग देताना प्रत्येक लाकूड वेगळा वास सोडतं. रानसफरचंदाचा गोडसर, ओकचा आंबट, एल्डरचा मात्र नकोसा. एल्डरच्या पोटात भेंड असतं, तिथं लेखणी फसकन आत जाते. हॉली हस्तिदंतासारखा पांढरा. हात मळका असला तर काठी फुकट. आल्डर कापला की आतून फिकट दिसतो आणि नुसतं बघत उभं राहिलं तरी डोळ्यांदेखत नारिंगी-तांबडा होत जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी करवतीचं पातं माझ्याच बोटाला लागलं का ते तपासलं. ब्लॅकथॉर्नचा काटा मोडून आत राहिला तर बोट पिकतंच. आणि यूला हात लावायचा तो नाकातोंडावर मास्क बांधून, कारण त्याचा भुसासुद्धा विषारी. शेवटी सगळ्यांना अळशीचं तेल.

मिस्त्री जिवंत झाड तोडत नसत. वादळात पडलेलं, रस्त्याच्या कामात निघालेलं, शेजार्‍यानं छाटलेलं, असंच लाकूड. ऑक्टोबर २०१७ मध्ये ओफेलिया वादळानं पाडलेल्या झाडांचा साठा मी गेलो तेव्हाही शेडमध्ये होता. हॉथॉर्नच्या बाबतीत तर ते फारच काटेकोर. बांधावरच्या रांगेतला हॉथॉर्न चालेल, पण माळावर एकटा उभा असलेला हॉथॉर्न वादळात पडला तरी उचलायचा नाही. तो ‘त्यांचा’, म्हणजे परीलोकातल्यांचा. हे ऐकून मला हसू आलं नाही. आमच्या देवराईतलं वाळकं लाकूड कुणी चुलीला लावत नाही. आयर्लंडमध्ये ही नुसती आजीबाईची गोष्टही नाही. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून इथं नव्या रस्त्याच्या आड असाच एक हॉथॉर्न आला, तेव्हा एडी लेनिहन या कथेकर्‍यानं जाहीर आवाज उठवला आणि सरकारी अभियंत्यांनी झाड राखून रस्ता नेला.

आता भविष्याचं. काठ्या विकत घेणार्‍याला त्या कशा वापरायच्या ते दाखवावं लागे आणि दाखवता दाखवता लोक म्हणत, एकदा माझं बघा ना. मिस्त्रींच्या पत्नी ते करत. उन्हाळ्यात गर्दी वाढली की मलाही बसवलं जाई. खरं सांगायचं तर मला बसवलं ते माझ्या रंगामुळं. भारतीय आहे म्हणजे याला आतलं काहीतरी दिसत असणार, असं जर्मन आणि अमेरिकन पर्यटकांनी गृहीतच धरलं होतं. सावंतवाडीच्या सुतारानं केरीत बसून आयरिश झाडांवरून टेक्ससच्या बाईचं भविष्य सांगायचं, यात कुणालाच काही विचित्र वाटत नव्हतं.

पद्धत अशी. गिर्‍हाइकानं प्रश्न मोठ्यानं बोलायचा, न बघता पिशवीत हात घालायचा, तीन काठ्या काढून पांढर्‍या फडक्यावर ठेवायच्या. बर्च आला तर नवी सुरुवात. रोवन म्हणजे राखण. हॉथॉर्न म्हणजे थांबा. हेझल म्हणजे शहाणपण. आयरिश कथेत हेझलची फळं पाण्यात पडतात, ती खाऊन एक सामन मासा सर्वज्ञ होतो आणि तो मासा भाजताना चटका बसलेलं बोट चोखून फिन मॅककूल शहाणा होतो. रानसफरचंद म्हणजे दोनातून एकाची निवड. ब्लॅकथॉर्न म्हणजे कटकट. एल्डर म्हणजे काहीतरी संपणं, यू म्हणजे मरण आणि पुन्हा उगवणं.

हे अर्थ आले कुठून, हा प्रश्न मला पहिल्या उन्हाळ्यातच पडला, कारण लोक मला विचारत आणि मिस्त्रींच्या छापील चिठ्ठीवर ‘हजारो वर्षांपूर्वीच्या ड्रुइडांची विद्या’ एवढंच होतं; ड्रुइड म्हणजे जुन्या केल्ट लोकांचे पुरोहित. ट्रलीच्या वाचनालयातून पुस्तकं आणून वाचत गेलो. झाडांच्या अक्षरांभोवती तेरा महिन्यांचं पंचांग आणि देवीची उपासना गुंफली ती रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज या इंग्रज कवीनं, १९४८ च्या ‘द व्हाइट गॉडेस’ या पुस्तकात. गंमत म्हणजे त्याचे आजोबा चार्ल्स ग्रेव्ह्‌ज हे लिमरिकचे बिशप आणि ऑगमचे जाणकार अभ्यासक; नातवानं मात्र आपला वेगळाच संसार थाटला. काठ्या-पत्त्यांचं आजचं भविष्य लोकप्रिय झालं ते त्याहून अलीकडे. लिझ आणि कॉलिन मरे या दांपत्याचा ‘द केल्टिक ट्री ऑरॅकल’ हा पत्त्यांचा संच १९८८ चा. म्हणजे माझ्याहून फार मोठा नाही. आणि डेमियन मॅकमॅनस या अभ्यासकानं १९९१ मध्ये दाखवून दिलं, की वीसपैकी जास्तीत जास्त आठ अक्षरांची नावं मूळची झाडांची आहेत. बाकीच्यांना झाडं मागाहून, मध्ययुगातल्या टीकाकारांनी चिकटवली. आमचा हॉथॉर्न मुळात ‘भीती’ होता, ब्लॅकथॉर्न ‘गंधक’, आयव्ही ‘शेत’, आणि ज्याच्यासाठी मी ब्लॅकबेरीच्या जाळीत हात ओरबाडून घेत होतो तो द्राक्षवेल म्हणजे बहुधा ‘मान’.

मग जुनं काहीच नाही का? आहे, पण थोडं. एतायनच्या कथेत राजाची राणी पळवली जाते, शोधून शोधून थकल्यावर दालान नावाचा ड्रुइड यूच्या चार काठ्या करतो, त्यांवर ऑगम लिहितो, आणि राणी कुठल्या टेकडीच्या पोटात आहे ते सांगतो. ऑगमनं कौल घेतल्याचा जुन्या साहित्यातला ठळक दाखला तो हाच. पांढर्‍या फडक्यावर तीन काठ्या ही रीत आहे रोमन इतिहासकार टॅसिटसच्या ‘गेर्मानिया’त, इसवी सन ९८ च्या सुमाराची, पण ती त्यानं जर्मन टोळ्यांची म्हणून लिहिलीय, केल्टांची नव्हे. आणि बॅलिमोटच्या ग्रंथात, सन १३९० च्या आसपासच्या, आता डब्लिनला रॉयल आयरिश अकॅडमीत असलेल्या हस्तलिखितात, ऑगममध्ये लिहिलेला अगदी पहिला मजकूर कोणता ते दिलंय. बर्चच्या फांदीवर सात वेळा ब. लुग या देवाला दिलेला तो इशारा होता: बर्चनं राखली नाही, तर तुझी बायको सात वेळा परलोकी नेली जाईल.

चिठ्ठीवरून मिस्त्रींशी माझं वाजलं. माझं म्हणणं, १९४८ लिहा. ते म्हणाले, “लोक लाकूड विकत घेत नाहीत, गोष्ट विकत घेतात.” मी म्हटलं, गोष्ट द्याच, पण तिची खरी तारीख घालून द्या. रीत नवी असणं हा दोष नाही. आमच्याकडं सार्वजनिक गणपतीला अजून दीडशे वर्षं पुरी झाली नाहीत, म्हणून कुणी मंडप उठवत नाही. पण नवी वस्तू जुनी म्हणून विकणं ही फसवणूक, आणि लाकडाच्या धंद्यात आंब्याची फळी साग म्हणून देणार्‍याला जे म्हणतात तेच इथंही म्हणावं लागेल. पंधरवडाभर आम्ही फक्त कामापुरतं बोललो. शेवटी त्यांच्या पत्नीनंच नवी चिठ्ठी लिहिली: दगड केव्हाचे, नावं कुठली, अर्थ कुणाचे, सगळं सरळ. विक्री घटली असं मला तरी दिसलं नाही. उलट काही गिर्‍हाइकं चिठ्ठी वाचून हसली आणि आणखी एक पिशवी घेऊन गेली.

मग २०२० उजाडलं. कोरोनाच्या साथीमुळं २७ मार्चला घराबाहेर न पडण्याचा हुकूम निघाला. व्यायामालासुद्धा घरापासून दोन किलोमीटरच्या आत. मे महिन्यात त्याचे पाच झाले. डिंगलच्या रस्त्यावर एरवी बसगाड्या मावत नाहीत, तिथं मेंढ्या बसायला लागल्या. दुकान बंद, हॉटेलं बंद. पण टपालानं पिशव्यांची मागणी आली ती अशी, की मिस्त्रींनी वर्षाचा साठा मागल्या शेडमधून काढला. मागणीबरोबर लोक चिठ्ठ्या लिहीत. आईला वृद्धाश्रमातून घरी आणू का. पोलंडला परत जाऊ का, इथलं हॉटेल पुन्हा उघडेल का. लग्न पुढं ढकलू की पाच माणसांत करू. साखरपुड्याची अंगठी परत करू का, असंही एकानं विचारलं होतं. तो बिचारा टाळेबंदीत होणार्‍या बायकोच्या आईवडिलांच्या घरी अडकला होता.

आम्ही फोनवरून काठ्या काढायला लागलो. माझी बायको सकाळी इस्पितळात जायची, दारातच कपडे बदलून आत यायची, आणि मी दिवसभर शेडमध्ये एकटा, फोन कानाला. त्या दिवसांत मी बर्चच्या एका काठीवर सात वेळा ब डागला आणि ती तिच्या डब्याच्या पिशवीत टाकली. तिनं संध्याकाळी ती काठी टेबलावर ठेवली. “वॉर्डात लाकूड चालत नाही. पुसता येत नाही ते. गाडीत ठेव.” गाडीत ठेवली.

फोनवर बसून एक गोष्ट लक्षात यायला लागली. काठी काढायच्या आधीचा भाग लांबत चालला होता. दुकानात लोक एका वाक्यात प्रश्न सांगत. फोनवर वीस-पंचवीस मिनिटं बोलत आणि मग म्हणत, काढा आता. कितीदा तर काढायची वेळच येत नसे. मला आमच्या गावचं गार्‍हाणं आठवे. सिंधुदुर्गात देवळात कौल लावतात तेव्हा देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण त्याआधी गार्‍हाणं घालणारा उभा राहतो आणि सगळं प्रकरण मोठ्यानं देवापुढं मांडतो: कुणाचा मुलगा, कुठल्या घरातला, काय अडलंय, कुणाशी बिनसलंय. भोवतालचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत राहतात. पाकळी पडेपर्यंत अर्धं गाव प्रकरण समजून बसलेलं असतं, आणि निकाल काहीही लागो, तो निभावायला चार माणसं सोबत असतात. केरीतल्या फोनवर ते गाव नव्हतं. पलीकडं एक माणूस, अलीकडं मी. त्यामुळे माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाला नको तितकं वजन येत होतं. मी ‘हॉथॉर्न आलाय, म्हणजे थांबा’ म्हटलं तर पलीकडचं माणूस खरोखर थांबणार होतं.

म्हणून नियम केला: शरीराचं, कायद्याच्या कागदांचं आणि पैशांचं बघायचं नाही. मिस्त्रींच्या पत्नीला तो लगेच पटला, मिस्त्रींना जरा उशिरा. नियम लवकरच कसाला लागला. एका बाईंचा फोन आला. कर्करोगाच्या सरकारी तपासण्या मार्चमध्ये थांबवल्या होत्या, इस्पितळात जायची लोकांना धास्ती होती, आणि त्यांना काखेजवळ गाठ लागली होती. जाऊ की हे सगळं निवळेपर्यंत थांबू, तीन काठ्या काढा. बायको नुकतीच घरी आली होती. मी काही न बोलता फोन तिच्याकडं दिला. ती कर्करोगाच्याच दिवस-विभागात काम करायची. तिनं गाठ किती दिवसांची, दुखते का, कातडी ओढल्यासारखी दिसते का असं विचारलं आणि सांगितलं, “आज शुक्रवार आहे. पाचच्या आत तुमच्या डॉक्टरांना फोन करा. तपासणी मोहीम बंद आहे, पण गाठ लागलेल्या माणसाला बघणं बंद नाही.” आम्ही पैसे परत पाठवले. पुढं काय झालं ते कळलं नाही, आणि आम्हाला कळवण्याचं त्यांना काही कारणही नव्हतं.

त्याच रात्री तिनं माझ्या कामाच्या टेबलावरची यूची काठी उचलून पाहिली. काय अर्थ हिचा, म्हणाली. मी म्हटलं, मरण आणि पुनर्जन्म. “ही आमच्याकडं सलाइनमधून जाते,” ती म्हणाली. डोसिटॅक्सेल हे औषध युरोपातल्या यूच्या पानांमधून काढलेल्या द्रव्यापासून बनवतात, स्तनाच्या कर्करोगावर देतात. केस जातात, नखं काळी पडतात, आणि बर्‍याच जणी बर्‍या होऊन घरी जातात. विष तेच, मोजून दिलेलं. त्यानंतर यूची काठी निघाली की मी ते सांगायला लागलो. किलार्नीजवळ मक्रॉस अ‍ॅबीच्या पडक्या मठात, मधल्या चौकात एक जुना यू आहे, भिंतींहून उंच गेलेला. ज्यांना शक्य होतं त्यांना मी तो बघून यायला सांगे. हे ग्रेव्ह्‌जमध्ये नाही. पण अर्थ मागाहूनच चिकटवायचे असतील, तर मी माझ्या घरातला एक चिकटवला.

आता अ‍ॅशचं सांगतो, कारण अनिश्चित काळ म्हटलं की मला साथ आठवत नाही, अ‍ॅश आठवतो. ऑगममधलं न हे अक्षर अ‍ॅशचं मानतात. आयर्लंडच्या बांधांवर हा सगळीकडं. हर्लिंग या त्यांच्या जीव की प्राण खेळाची काठीही परंपरेनं अ‍ॅशचीच. २०१२ च्या ऑक्टोबरात लेट्रिम परगण्यात, बाहेरून आणलेल्या रोपांवर एक बुरशी सापडली. पानं काळवंडतात, फांद्या टोकाकडून वाळत येतात, झाड काही वर्षांत जातं. इलाज नाही. मी गेलो तोवर केरीतही शेंडे उघडे पडायला लागले होते. दुकान पुन्हा उघडलं त्या उन्हाळ्यात एक शेतकरी आला. साठीचा, हात माझ्या दुप्पट. त्याच्या शेताची कड गावच्या रस्त्याला लागून, तिथं त्याच्या आजोबांनी लावलेले अ‍ॅश ओळीनं उभे. फांदी पडून कुणाला लागलं तर जबाबदारी जमीनमालकाची. तोडू का, की काही जगतील म्हणून थांबू?

त्यानं तीन काठ्या काढल्या: विलो, गॉर्स, ओक. अ‍ॅश आलाच नाही. तो माझ्याकडं बघत राहिला, मी काठ्यांकडं. काय सांगणार? विलो म्हणजे मनाचं ऐका, गॉर्स म्हणजे धन, ओक म्हणजे बळ. यातलं कुठलंही वाक्य त्या माणसाच्या तोंडावर बोलायची मला लाज वाटली. मिस्त्री मागं लेथवर होते. त्यांनी यंत्र बंद केलं, अंगावरचा भुसा झटकला आणि म्हणाले, “चल, बघून येऊ.” आम्ही तिघं गेलो. मिस्त्री प्रत्येक झाडाखाली उभे राहिले, मान वर करून शेंडा किती उरलाय ते बघितलं, बुंध्याशी साल खरवडून पाहिली. ज्यांचा अर्ध्याहून जास्त शेंडा गेला होता त्यांना खडूनं फुली मारली. ज्यांना पालवी भरगच्च होती ती सोडली, कारण थोडी झाडं या बुरशीला दाद देत नाहीत आणि पुढचं बी त्यांचंच लागणार. शेतकरी पूर्ण वेळ गप्प होता. फुल्या कुठं पडणार ते त्याला आधीपासून माहीत होतं, हे त्याच्या चालण्यावरून कळत होतं. पुढच्या झाडाकडं तो आमच्या आधी वळत होता. सप्टेंबरात झाडं तोडली. त्यातलं काही लाकूड आमच्याकडं आलं. रोगट अ‍ॅश ठिसूळ होतो, लेथवर टिकत नाही, काठ्यांपुरता चालला.

मला कुणी विचारलं, की या काठ्यांनी वाट दिसते का, तर मी त्या दुपारची गोष्ट सांगतो. झाडाकडून सल्ला घ्यायचा तर झाडाखाली जाऊन उभं राहावं लागतं, आणि बरोबर झाडं ओळखणारा माणूस लागतो. पिशवी त्या शेतकर्‍याला आमच्या दारापर्यंत घेऊन आली, एवढं तिचं श्रेय मी देतो. जास्त देणार नाही.

आता आम्ही कॉर्कला राहतो. मी स्वयंपाकघरं बसवण्याचं काम करतो, पगार चांगला आहे. मिस्त्रींनी लेथ विकलं. पिशव्या त्यांची भाची करते, चिठ्ठी तीच आहे. मराठी पाहुणे आले, की त्यांना मी कॉर्कच्या विद्यापीठातल्या दगडांच्या वर्‍हांड्यात नेतो. ऑगमचे दगड तिथं ओळीनं मांडलेत. सगळ्यांना वाटतं, काहीतरी मंत्र असेल, निदान शाप तरी. बहुतेक दगडांवर फक्त नाव आहे, तेही षष्ठीत: अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा. कधी टोळीचं नाव जोडलेलं. पुढं काय होणार हे त्या दगडांत कुठंच नाही. जमीन कुणाची किंवा इथं कोण पुरलाय, एवढंच. माझा मेहुणा निराश होऊन म्हणाला, म्हणजे हा सातबाराच झाला की.

तुमचा कुणी आयर्लंडला असेल आणि केरीला जायचा योग आला, तर डिंगलजवळच्या बॅलिंटॅगर्टला जरूर जा. जुन्या गोल कबरस्तानात नऊ दगड आहेत, समुद्रानं घासून गोल केलेले, आडवे पडलेले. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. तिरप्या उजेडात खाचा उठून दिसतात, दुपारी काहीच दिसत नाही. अक्षरं ठळक दिसावीत म्हणून खडूनं गिरवू नका, शेवाळ खरवडू नका, कागद ठेवून पेन्सिलीनं घासू नका. दगड झिजतो आणि कायद्यानंही तो गुन्हा आहे. फोनच्या बॅटरीचा झोत कडेवर आडवा धरा, फोटो घ्या, आणि खालून वर वाचा.